बलक्क

बेळगुंदीचा चढ संपून रस्ता सपाटीला लागतो
तिथं रताळ्यांचा टेम्पो बंद पडला तेव्हा
मी नववीत होतो, आणि दप्तरात
बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण
हे वाक्य दुपारपासून कोरडंच पडून होतं.

हौद्यात चाळीस पोती, माती अजून ओली.
ड्रायव्हर फकिराप्पा, रायबागकडचा,
मराठी त्याला मार्केटपुरती यायची:
भाव, वजन, आणि दोन शिव्या.
आम्ही शाळेतून सुटलेले सातजण.
“नूकरी!” म्हणाला तो,
आणि हवेला ढकलून दाखवलं.

लावले खांदे.
टेम्पो सरकला असेल
एका रताळ्याच्या जाडीइतका.
“ढकलूलोय की मी!” ओमाणा ओरडला,
पण तो होता बॉनेटच्या बाजूला,
गंमत म्हणून उलटा जोर लावत.
त्याच्या एकट्याचं आमच्या सहाजणांतून
वजा होत होतं.

मग मुचंडीकर बाई आल्या, पायी,
हातात छत्री, डब्याची पिशवी.
ओमाणाचा कान धरून त्याला मागं आणला.
म्हणाल्या, “आठवा माणूस मी.
नववा आणायचा कुठनं?
बल वाढत नसेल तर काय कमी करता येतंय ते बघा.”
वर्गात याच प्रश्नाला
सगळे खाली बघत बसलो होतो.
इथं खाली बघायला फक्त चाकं होती.

वीस पोती उतरवली, बांधाला रचली.
“म्हणजे वस्तुमान निम्मं!” मी म्हटलं, छाती काढून.
“लोखंड कुणी उतरवलं, तुझ्या काकानं?”

भावकू घरचा ट्रॅक्टर चालवायचा,
त्याला बसवला स्टीअरिंगवर.
फकिराप्पा स्वतः दाराच्या खांबाला भिडला.
आणि आता, तेच आठ खांदे, तोच रस्ता,
टेम्पो निघाला.
आधी पावलाएवढा, मग चालीएवढा,
मग आमच्या चपला मागं राहायला लागल्या.
बाई पळत होत्या, धापा टाकत सांगत होत्या,
“वेग नव्हे रे, वेगात जी भर पडतेय ना,
ती बघा, ती!”
ती दिसत नव्हती.
पोटऱ्यांत मात्र कळत होती.

“बलक्क!” फकिराप्पा ओरडला. “बलक्क! बलक्क!”

बल! आम्हाला वाटलं, अजून लावा म्हणतोय.
लावलं.
असं लावलं की आजन्म कुणी लावलं नसेल.
भावकूनं स्टीअरिंग सरळ धरलं, दात आवळून,
आणि जिथं रस्ता उजवीकडं वळतो
तिथं आमचा टेम्पो सरळ
भाताच्या खाचरात शिरला,
अगदी सावकाश, म्हैस डबक्यात बसते तसा.

कन्नडात बल म्हणजे जोर.
आणि बल म्हणजे उजवी बाजूसुद्धा.
बाई चिखलात उभ्या राहून हसत होत्या,
छत्रीचा दांडा मोडलेला.
त्यांच्या पुस्तकात वस्तुमानाला द्रव्यराशी म्हणतात,
त्वरणाला वेगोत्कर्ष,
सगळे शब्द वेगळे, म्हणाल्या,
एवढा एकच आपला निघाला, त्यानंच खड्ड्यात घातलं.
मग फाळक्यावरच्या धुळीत
बोटानं एक बाण काढला.
खाली काहीच लिहिलं नाही.

फकिराप्पा पहिल्यांदा दोन्ही शिव्या वापरून झाला,
मग त्यानं एक पोतं सोडलं
आणि पालापाचोळा पेटवला.
ट्रॅक्टर येईपर्यंत रात्र झाली.
रताळी अर्धी करपली, अर्धी कच्ची.

आता मी उद्यमबागेत, फाउंड्रीत.
ट्रॉलीवर सहाशे किलोचं कास्टिंग,
पलीकडच्या टोकाला मल्लेशी, गोकाकचा.
रूळ जुने, मध्येच एक सांधा वर आलेला.
घर्षणाचं पुस्तकात पुढच्या धड्यात होतं,
तो धडा परीक्षेला नव्हता.
ट्रॉली हलेपर्यंत दोघंही बोलत नाही.

अजूनही कुणी बल म्हणालं
की माझा उजवा खांदा
आधी पुढं होतो.